पत्रातला हुद्दा आणि हातचं काम

कर्जत-खालापूर भागातली इंजिनियर मुलं बहुतेक दोन वाटांनी कामाला जातात. कर्जतची मुलं लोकलने ठाण्याला उतरून ऐरोली-घणसोलीची गाडी पकडतात, तर खोपोली-खालापूरकडची काही द्रुतगती मार्गाने घाट चढून हिंजवडी गाठतात. कर्जतमध्ये कोकण ज्ञानपीठाचं इंजिनियरिंग कॉलेज आहे, त्यामुळे पदवी घराजवळ मिळते. नोकरीसाठी मात्र बाहेर पडावं लागतं, आणि तिथे माणसाच्या आधी त्याचा रिझ्युमे पोचतो. खोपोलीला राहणारी, उमेदवारांच्या मुलाखती घेणारी मावशी आणि ऐरोलीत पहिलीच नोकरी करणारा तिचा कर्जतचा भाचा यांचं हे बोलणं.

भाचा: मावशी, माझ्या ऑफर लेटरवर 'प्रोग्रॅमर अ‍ॅनालिस्ट' आहे. पण मी दिवसभर जावात कोड लिहितो. अ‍ॅनालिस्ट वाचून लोकांना वाटतं, हा एक्सेलच्या शीट भरत असेल. म्हणून मी रिझ्युमेत 'सीनियर सॉफ्टवेअर इंजिनियर' टाकलंय.

मावशी: ते 'सीनियर' आधी काढ. कंपनीने दिलेलं नाही ते. तुझी अडचण खरी आहे, पण ती एकट्या तुझी नाही. टीसीएसमध्ये 'असिस्टंट सिस्टम इंजिनियर', मग 'सिस्टम इंजिनियर', पुढे 'आयटी अ‍ॅनालिस्ट' अशी नावं चालत आली. इन्फोसिसमध्ये 'सिस्टम्स इंजिनियर' आणि वर 'टेक्नॉलॉजी अ‍ॅनालिस्ट', विप्रोत 'प्रोजेक्ट इंजिनियर'. यातले कितीतरी जण कोडच लिहितात. आपल्याकडच्या मुलाखत घेणाऱ्यांना ही नावं पाठ असतात. परदेशी किंवा छोट्या प्रॉडक्ट कंपनीत मात्र घोळ होतो.

भाचा: मग काय लिहू?

मावशी: पत्रात आहे तोच हुद्दा, अक्षर न बदलता, आणि स्वल्पविराम देऊन पुढे काम: 'प्रोग्रॅमर अ‍ॅनालिस्ट, जावा बॅकएंड'. सगळ्यात वर, नावाखाली, 'बॅकएंड सॉफ्टवेअर इंजिनियर' असं खुशाल लिही. तिथे तू स्वतःची ओळख सांगतोयस. कंपनीच्या नावासमोर जे लिहितोस, ते मात्र कंपनीने दिलेलंच हवं.

भाचा: पण तपासतं कोण एवढं?

मावशी: तपासतात. ऑफर दिल्यावर बाहेरची एजन्सी नेमून पार्श्वभूमी पडताळतात. जुन्या कंपनीच्या एचआरला विचारतात, हा माणूस कोणत्या हुद्द्यावर होता, कधी आला, कधी गेला. रिलीव्हिंग लेटर, पगाराच्या स्लिपा मागतात. पीएफचा तर पक्का माग असतो. २०१४ पासून प्रत्येक खातेदाराला यूएएन नंबर मिळतो, आणि त्याच्या सर्व्हिस हिस्टरीत मालकाचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. हुद्दा किंवा तारखा रिझ्युमेशी जुळल्या नाहीत तर चांगली मुलाखत दिलेल्या मुलाचीही ऑफर मागे घेतली जाते. फार वाईट वाटतं तेव्हा. कारण मूळ हुद्दा लिहिला असता तरी त्याची निवड झालीच असती.

भाचा: माझ्या मित्राचं वेगळंच आहे. तो बसतो एका बँकेच्या ऑफिसात, पगार येतो भलत्याच कंपनीकडून. त्याने अनुभवात बँकेचं नाव टाकलंय.

मावशी: त्याला आजच सांग. पगार देणारी कंपनी हीच नोकरी. तिचं नाव वर, आणि खाली 'क्लायंट: खासगी बँक'. बँकेचं नाव लिहायला करारात बंदी नसेल, तरच ते लिहायचं. बँकेच्या एचआरला फोन गेला तर ते 'आमच्याकडे असा कर्मचारीच नाही' म्हणतील, आणि पोरगा खोटा ठरेल. काम त्याने खरंच केलेलं असतं रे!

भाचा: आणि अनुभव किती दाखवू? दोन वर्षं दहा महिने झालेत. तीन लिहू?

मावशी: दोन वर्षं दहा महिनेच लिही. कॉलेजात असताना केलेली इंटर्नशिप वेगळी दाखव, त्यात मिसळू नकोस. ट्रेनी म्हणून पगारावर होतास तो काळ धरायला हरकत नाही. बढती मिळाली असेल तर कंपनीचं नाव एकदाच लिही, खाली दोन्ही हुद्दे महिन्यांसकट. वाचणाऱ्याला तुझी चढण तिथे दिसते. आता कामाचं काय लिहिलंयस ते वाच.

भाचा: 'जावा, स्प्रिंग बूट, एसक्यूएलवर काम केले. टीमसोबत समन्वय साधला.'

मावशी: यातून मला तुझ्याबद्दल काय कळलं? हेच वाक्य शंभर रिझ्युमेंत असतं. तू नेमकं करतोस काय?

भाचा: कर्जाच्या हप्त्यांची बॅच रात्री चालते. ती सकाळपर्यंत रेंगाळायची, शाखा उघडल्या तरी आकडे तयार नसायचे. मी शोधलं, तर एकच क्वेरी अख्खं टेबल वाचत होती. तिला इंडेक्स लावला, नोंदी तुकड्यातुकड्यांनी घेतल्या. आता चार तासांचं काम पन्नास मिनिटांत उरकतं.

मावशी: मग हे का नाही लिहिलंस? 'कर्जहप्त्यांची रात्रीची बॅच: संथ क्वेरी शोधून इंडेक्स लावला, नोंदींचे गट पाडले, वेळ चार तासांवरून पन्नास मिनिटांवर.' ही ओळ वाचली की मी हुद्दा विसरते आणि तुला विचारते, इंडेक्स कोणत्या कॉलमवर लावलास, का लावलास. त्यावर तू अर्धा तास बोलू शकशील. आणि 'आम्ही केलं' आणि 'मी केलं' यात गल्लत नको. टीमचं काम असेल तर तुझा वाटा सांग.

भाचा: सपोर्टचं कामही केलंय सहा महिने. ते लपवावंसं वाटतं.

मावशी: मुळीच लपवू नकोस. प्रॉडक्शन बंद पडल्यावर रात्री दोनला लॉग वाचून बिघाड शोधणारा माणूस मला हवाच असतो. किती सिस्टिम सांभाळल्यास, कोणता बिघाड कायमचा मिटवलास, ते लिही.

भाचा: आणि बाहेरदेशी अर्ज करायचा झाला तर?

मावशी: हुद्द्यांची मापं तिथे वेगळी. मोठ्या अमेरिकी बँकांत दहा-बारा वर्षांचा अनुभव असलेल्या इंजिनियरलाही 'व्हाइस प्रेसिडेंट' म्हणतात. त्याच्या हाताखाली माणसं असतीलच असं नाही. कॅनडात 'इंजिनियर' हे बिरुद प्रांताच्या कायद्याने राखलेलं आहे, त्यासाठी परवाना लागतो. अल्बर्टा प्रांताने २०२३ मध्ये कायदा बदलून सॉफ्टवेअर इंजिनियरांना मोकळीक दिली, पण प्रत्येक प्रांतात तसं नाही. तिकडे अर्ज करताना 'सॉफ्टवेअर डेव्हलपर' म्हणवून घेणं सुरक्षित.

भाचा: म्हणजे आज बरंच बदलायला लागणार.

मावशी: आज रात्री बस. ऑफर लेटर, बढतीचं पत्र आणि पीएफची सर्व्हिस हिस्टरी समोर ठेव, हुद्दे आणि तारखा एकेक करून जुळव. मग त्या बॅचसारखी आणखी तीन कामं आठवून लिही आणि मला पाठव. रविवारी मी वाचते.