मेंदूकडून कानाकडे जाणारी वाट

ऐकणे हा एकमार्गी व्यवहार आहे, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ध्वनी कानात शिरतो, पडदा कंप पावतो, आंतरकर्णात त्या कंपनांचे विद्युत्-संदेश होतात आणि ते मेंदूकडे जातात. पाठ्यपुस्तकातील आकृतीतही सारे बाण त्याच दिशेने काढलेले असतात. उलट्या दिशेचा बाण मात्र तिथे सहसा नसतो. मस्तिष्कस्तंभातून निघून आंतरकर्णापर्यंत पोहोचणाऱ्या चेतातंतूंच्या जुडग्याचे वर्णन ग्रँट रासमुसेन यांनी १९४६ साली केले. पुढे दहा वर्षांनी रॉबर्ट गॅलम्बॉस यांनी मांजराच्या या जुडग्याला विद्युत्-उद्दीपन दिले, तेव्हा ध्वनीला मिळणारा श्रवणचेतेचा प्रतिसाद मंदावला. म्हणजे मेंदू कानाला आवरू शकतो.

हे आवरणे घडते कसे? गोगलगायीच्या शंखासारख्या वळशांच्या कर्णावर्तात दोन प्रकारच्या केशपेशी असतात: आतल्या ओळीत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या ओळींत सुमारे १२,०००. मेंदूकडे बातमी नेणारे बहुतेक सारे तंतू मात्र संख्येने थोड्या असलेल्या आतल्या पेशींपासूनच निघतात. मग बाहेरच्या एवढ्या पेशी करतात तरी काय? त्या विद्युत्दाबातील बदलानुसार लांब-आखूड होतात, हे विल्यम ब्राउनेल व सहकाऱ्यांनी १९८५ साली दाखवून दिले. या हालचालीमुळे क्षीण कंपनांना जोर मिळतो. मेंदूकडून आलेल्या तंतूंपैकी एक गट नेमका याच पेशींवर येऊन टेकतो (दुसरा गट आतल्या पेशींखालील चेतातंतूंवर संपतो, त्याचा विचार येथे करीत नाही). या तंतूंच्या टोकांतून अॅसिटिलकोलीन स्रवते. हेच रसायन हातापायांच्या स्नायूंना आकुंचनाची आज्ञा देते. येथे मात्र ते लगाम घालते. त्याच्यामुळे पेशीत कॅल्शियम शिरते, त्यायोगे पोटॅशियमची दारे उघडतात, पोटॅशियम बाहेर पडते आणि पेशीने कंपनाला दिलेला जोर कमी होतो.

याचा उपयोग वर्गातच पाहता येईल. पंखा सारखा घरघरत असतो आणि शिक्षकांचे शब्द मधूनमधून उमटतात. अखंड घरघरीने श्रवणचेतेचे तंतू आधीच गुंतून थकलेले असतील, तर नव्या शब्दाला उत्तर द्यायला त्यांच्यापाशी फारसे काही उरत नाही. लगामामुळे घरघरीला मिळणारा प्रतिसाद कमी होतो आणि शब्दासाठी जागा मोकळी होते. प्राण्यांवरील प्रयोगांतून ही गोष्ट चांगलीच स्पष्ट झाली आहे. माणसात हा परिणाम किती मोठा, याविषयी अभ्यासकांत अद्याप मतभेद आहेत.

हाच लगाम काही अंशी संरक्षणही करतो. ज्या गिनीपिगांमध्ये ही प्रतिक्षिप्त क्रिया प्रबळ होती, त्यांच्या कानांना मोठ्या आवाजाने कमी इजा झाली, असे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. पण म्हणून या व्यवस्थेवर विसंबून मिरवणुकीतील डीजेच्या भिंतीपुढे तासन्‌तास उभे राहणे शहाणपणाचे नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तास, तर १०० डेसिबलचा जेमतेम पंधरा मिनिटे, अशी मर्यादा कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी तज्ज्ञांनी सुचविलेली आहे. त्यापुढे सहसा आधी बळी पडतात त्या बाहेरच्या केशपेशीच. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आज्ञा देणारा मेंदू शाबूत राहतो, परंतु ती झेलणारी पेशीच उरत नाही.

अशी हानी थोडी असली, तर माणसाला शांत खोलीत सारे नीट ऐकू येते आणि गोंगाटात मात्र शब्द निसटतात. वसतिगृहाच्या भोजनगृहात हाक न ऐकणारा किंवा मागच्या बाकावर पुन:पुन्हा "काय, सर?" विचारणारा विद्यार्थी आपल्याला भेटला, तर त्याला दुर्लक्षी ठरविण्यापूर्वी पुढच्या बाकावर बसवावे आणि त्याचे कान तपासून घ्यावेत. नेहमीची तपासणी शांत खोलीत एकेक शुद्ध स्वर ऐकवून होते; तिच्यात गोंगाटातील अडचण दिसेलच असे नाही. म्हणून ती अडचण डॉक्टरांना आपणहून सांगावी.