चमचाभर साखर

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. एवढ्या रक्तात विरघळलेली साखर किती असावी? निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी ती जेमतेम चार-पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक लहान चमचाभर असते. माणूस दुपारी पोटभर जेवतो, सायंकाळी श्रम करतो, रात्री सात-आठ तास काहीही न खाता झोपतो. परंतु रक्तातील साखर थोडीशी चढते व पुन्हा त्या चमचाभर मापावर येऊन ठेपते.

ही साखर केवळ लाडू-पेढ्यांतूनच येते असे नव्हे. ज्वारीच्या भाकरीचा घास बराच वेळ चावीत राहिले, तर तो किंचित गोड लागू लागतो. धान्यातील पिष्टाची साखर होण्यास तोंडातच आरंभ होतो. पुढे आतड्यात ते काम पुरे होऊन साखर रक्तात उतरते. गूळ, साखर किंवा सरबत यांना हा खटाटोप फारसा करावा लागत नाही. म्हणून त्यांची साखर रक्तात झपाट्याने चढते. कोंड्यासह दळलेल्या पिठाची भाकरी व उसळ यांची मात्र सावकाश.

रक्तातील साखर हे शरीराचे जळण आहे. पण स्नायूंसारख्या अवयवांत शिरण्यासाठी तिला एका रसाची मदत लागते. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची एक ग्रंथी आडवी पसरलेली असते. तो रस तिच्यातून रक्तात मिसळतो. त्याच्यामुळेच स्नायू साखर आत घेतात आणि उरलेली साखर यकृत साठवून ठेवते. हा रस आटला की साखर रक्तातच साचत जाते व शेवटी लघवीवाटे बाहेर पडू लागते. तिच्याबरोबर पाणीही जाते, म्हणून रोग्याचा घसा सारखा कोरडा पडतो. रक्त साखरेने भरलेले आणि शरीर मात्र उपाशी! कोठार धान्याने गच्च भरलेले असावे, पण कुलपाची किल्ली हरवलेली असावी, तशी ही अवस्था होते.

या रोगाला आपल्या वैद्यांनी मधुमेह हे नाव दिले. रोग्याच्या लघवीला मुंग्या लागतात, हे त्यांनी फार पूर्वी पाहिले होते. पण रोगाचे मूळ कोठे आहे, हे कळण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८६९ साली पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला स्वादुपिंडात सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे लहान लहान पुंजके दिसले. त्यांचे कार्य काय, हे त्याला उमगले नाही. पुढे १८८९ साली मिन्कोव्हस्की व फॉन मेरिंग यांनी स्ट्रासबुर्ग येथे एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्या कुत्र्याला मधुमेह जडला.

कारण कळले, तरी उपाय सापडला नाही. स्वादुपिंडातून अन्न पचविणारा दुसराही एक रस निघतो. ग्रंथी वाटून अर्क काढू गेले, की हा पाचक रस हव्या असलेल्या रसाचा नाश करून टाकी. अशा स्थितीत मधुमेही मुलांना जवळजवळ उपाशी ठेवणे एवढाच मार्ग डॉक्टरांपाशी होता. त्यामुळे मूल काही महिने, फार तर एक-दोन वर्षे अधिक जगे. मुलाने भाकरीचा तुकडा मागावा आणि आईने तो नाकारावा, हाच त्या काळी उपचार होता.

१९२० साली फ्रेडरिक बँटिंग नावाचे एक तरुण शल्यचिकित्सक कॅनडातील लंडन या गावी दवाखाना चालवीत होते. रोगी फारसे येत नसत, म्हणून ते तेथील महाविद्यालयात शिकवूही लागले. ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस, स्वादुपिंडावरील व्याख्यानाची तयारी केल्यानंतर, त्यांना मध्यरात्री एक कल्पना सुचली. ग्रंथीची नळी बांधून ठेवली, तर पाचक रस करणाऱ्या पेशी सुकून जातील आणि लांगरहान्सने पाहिलेले पुंजके तेवढे शिल्लक राहतील. मग त्यांतून अर्क काढता येईल! त्यांनी उठून ती टिपून ठेवली.

टोरांटो विद्यापीठातील प्राध्यापक मॅक्लिऑड यांना प्रथम या कल्पनेविषयी शंकाच वाटली. तरी त्यांनी प्रयोगशाळा, काही कुत्री आणि चार्ल्स बेस्ट हा बावीस वर्षांचा साहाय्यक दिला. मे १९२१ मध्ये काम सुरू झाले. उन्हाळा कडक होता आणि अपयशे पुष्कळ आली. अनेक कुत्री दगावली, हेही या कथेत सांगितलेच पाहिजे. अखेर अर्क टोचल्यावर मधुमेही कुत्र्याच्या रक्तातील साखर उतरू लागली. गंमत अशी, की नळी बांधण्याची मूळ युक्ती पुढे अनावश्यक ठरली. कसाईखान्यातून आणलेल्या गुरांच्या स्वादुपिंडापासूनही मद्यार्काच्या साह्याने तो रस काढता आला.

टोरांटोच्या इस्पितळात तेव्हा लिओनार्ड थॉम्पसन हा चौदा वर्षांखालील मुलगा मरणपंथाला लागला होता. त्याचे वजन अवघे ६५ पौंड, म्हणजे तीस किलोहूनही कमी भरले. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला अर्क टोचण्यात आला. साखर थोडी उतरली, पण अर्क अशुद्ध होता. टोचलेल्या जागी गळू झाले आणि उपचार थांबवावा लागला. बाप व डॉक्टर दोघांनाही ते दिवस कसे गेले असतील!

त्या बारा दिवसांत जेम्स कॉलिप हे रसायनतज्ज्ञ रात्रंदिवस अर्क शुद्ध करीत होते. २३ जानेवारीला त्यांनी केलेला अर्क टोचला, तेव्हा एका दिवसात रक्तातील साखर ५२० वरून १२० मिलिग्रॅमवर (दर १०० मिलिलिटरमागे) आली. मुलगा ताजातवाना दिसू लागला. तो पुढे तेरा वर्षे जगला. या रसाचे नाव इन्शुलिन.

१९२३ साली नोबेल पारितोषिक बँटिंग व मॅक्लिऑड यांना मिळाले. बँटिंग यांनी आपला अर्धा वाटा बेस्टला दिला, तर मॅक्लिऑड यांनी आपला कॉलिपला. श्रेय कोणाचे, यावरून या मंडळींत कटुता होती, ती मात्र पुरती गेली नाही. तथापि इन्शुलिनचे हक्क त्यांनी विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले.

इन्शुलिनने मधुमेह बरा होत नाही. ते रोज टोचून घ्यावे लागते. पुष्कळ प्रौढांना होणारा मधुमेह मात्र निराळ्या प्रकारचा असतो. त्यांच्या शरीरात इन्शुलिन असते, पण पेशी त्याला नीट जुमानीत नाहीत. बैठे जीवन व पोटावर साठलेली चरबी यांनी ही अडचण वाढते, चालण्याने कमी होते. कारण काम करणारा स्नायू इन्शुलिनच्या मदतीवाचूनही साखर ओढून घेतो. भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले.

लिओनार्डसारखी मुले आज शाळेत जातात, खेळतात. बोटाला सुई टोचून रक्ताचा एक थेंब तपासतात, इन्शुलिन घेतात आणि वेळेवर डबा खातात. एखाद्या दिवशी धावपळ अधिक झाली किंवा जेवण लांबले, तर त्यांच्या रक्तातील साखर मापाखाली उतरते. घाम फुटतो, हात कापू लागतात, बोलणे अडखळते. अशा वेळी शेजारच्या बाकावरील मित्र धावत जाऊन पाणी आणतो आणि त्यात दोन-तीन चमचे साखर विरघळवून त्याला घोट घोट पाजतो. दहा-पंधरा मिनिटांत त्याला हुशारी वाटू लागते.