श्वेतस्राव व कंडू : निदानातील एक विसरलेली पायरी

अंगावरून पांढरे जाण्याची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णेस श्वेतप्रदराचे ठरावीक औषध देऊन आपण बहुधा मोकळे होतो. ही सवय किती घातक ठरते, हे शीव कोळीवाड्यातील एका रुग्णेने आम्हांस शिकविले.

वय बेचाळीस, व्यवसाय मासेविक्री. पहाटे भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणून दुपारपर्यंत ओल्या लुगड्यात बाजारात बसणे हा नित्यक्रम. तीव्र कंडू, दाह व दह्याच्या गुठळ्यांसारखा, दुर्गंधरहित स्राव ही लक्षणे. आम्ही त्रिफळाक्वाथाने योनिधावन व आभ्यंतर औषधे योजिली. उतार पडे, पण व्याधी पुन्हा उद्भवे. वर्षातील चौथ्या खेपेस रक्तशर्करा तपासली, तेव्हा मधुमेह आढळला. ही तपासणी आम्ही पूर्वीच करावयास हवी होती.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, ३० व्या अध्यायात, २० योनिव्यापद वर्णिल्या आहेत. त्यांपैकी श्लैष्मिकीची पिच्छिलता, कंडू व पांडुरता ही लक्षणे कँडिडा बुरशीच्या संसर्गाशी बरीच जुळतात. अचरणेत न धुण्यामुळे होणारे कृमी सांगितले आहेत. परंतु त्यावरून रुग्णेस अस्वच्छ ठरवू नये. ही बुरशी निरोगी स्त्रीच्या योनीतही असू शकते. मधुमेह, गर्भावस्था, प्रतिजैविके व स्टेरॉइड यांमुळे ती बळावते. साबणाने वा काढ्याने वारंवार आतून धुणे अपायकारकच. आमचे नित्य धावनही त्यामुळे सदोष होते.

बुरशीत योनिस्रावाचा पीएच बहुधा ४.५ पर्यंतच राहतो. जीवाणुजन्य विकारात व ट्रायकोमोनासमध्ये तो वाढतो. निश्चितीसाठी स्रावाची सूक्ष्मदर्शक तपासणी करावी. वर्षात ३ वा अधिक वेळा त्रास झाल्यास रक्तशर्करा अवश्य पाहावी. गर्भिणीस पोटातून फ्लुकोनाझोल टाळून स्थानिक क्लोट्रिमाझोल देतात. तिला तज्ज्ञांकडेच पाठवावे. ज्वर, ओटीपोटात वेदना वा रक्तमिश्रित स्राव असल्यास विलंब करू नये. शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय जवळच आहे.

आमच्या रुग्णेस क्लोट्रिमाझोल, शर्करानियंत्रण, पथ्याहार व कोरडी सुती वस्त्रे यांनी स्वास्थ्य लाभले. लज्जेमुळे तिने दोन वर्षे हा त्रास कोणासही सांगितला नव्हता. असे मौन सोडून जी आपल्यापाशी येते, तिला नीट प्रश्न विचारणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य होय.