मूल बोलत नाही? आधी कान तपासा

पाच महिन्यांच्या बाळासमोर खुळखुळा धरा. ते हात पुढे करील. आता त्याच्या देखतच तो फडक्याखाली झाका. बाळ दुसरीकडे पाहू लागेल, जणू खुळखुळा नाहीसाच झाला! हाच खेळ नवव्या-दहाव्या महिन्यात खेळून पाहा. बाळ फडके ओढून खुळखुळा शोधून काढते. न दिसणारी वस्तूही असते, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ झाँ पियाजे (१८९६-१९८०) यांनी स्वतःच्या तीन मुलांचे असेच बारकाईने निरीक्षण केले. मूल हाताळून, चाखून, पाडून, पुन्हा उचलून स्वतःच ज्ञान मिळवते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांनी सांगितलेल्या वयांत पुढील संशोधकांनी फेरबदल सुचवले, पण मूळ मुद्दा टिकून आहे. तेव्हा बाळ दहाव्यांदा वाटी खाली टाकते तेव्हा रागावू नका, त्याचा अभ्यास चालू असतो!

याच सुमारास बाळ अनोळखी माणसाला पाहून रडू लागते. आजीबाई मीठमोहऱ्या ओवाळतात. वास्तविक आपले कोण आणि परके कोण हे त्याला कळू लागलेले असते. आम्हा डॉक्टरांना मात्र तपासताना त्याचा फार त्रास होतो.

शरीराची वाढ सर्वांना दिसते. दीड-दोन महिन्यांत आईकडे पाहून हसणे, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मान धरणे, सहा ते आठ महिन्यांत बसणे, वर्ष ते दीड वर्षात चालणे. शेजारच्या मुलापेक्षा महिनाभर मागेपुढे झाले तर बिघडत नाही. बोलण्याच्या बाबतीत मात्र आपण फारच थांबून राहतो.

तीन वर्षांच्या एका मुलीला सर्दीसाठी माझ्याकडे आणले होते. ती एकही शब्द बोलत नव्हती. आजी म्हणाल्या, "तिचा बाप पण चौथ्या वर्षी बोलला, डॉक्टर. अन् हिला ऐकू येतं, ताट पडलं की दचकते." मी पाठीमागे उभा राहून हलक्या आवाजात हाक मारली, कागद चुरगळला, किल्ल्या वाजवल्या. मुलगी वळली नाही. जमिनीवर पाय आपटताच वळली! ताट पडल्यावर जमिनीला जो हादरा बसतो तो बहिऱ्या मुलालाही जाणवतो. जिल्ह्याच्या ठिकाणी 'बेरा' तपासणी झाली. दोन्ही कानांनी तिला जवळजवळ ऐकू येत नव्हते.

अशी मुले घरात लक्षात येत नाहीत, कारण ती हुशार असतात. ओठांची हालचाल, बोटाची खूण, सावली यांवरून ती अंदाज बांधतात. पहिले काही महिने बहिरे बाळही हुंकार देते, म्हणून आई निर्धास्त राहते. भाषा मात्र ऐकूनच येते आणि मेंदूचा तो भाग घडण्याचा मुख्य काळ म्हणजे पहिली तीन वर्षे. सहा महिन्यांच्या आत दोष ओळखून श्रवणयंत्र व प्रशिक्षण सुरू झाले तर भाषा पुष्कळच चांगली येते. शाळेत घालताना पाहू, असे म्हणणे म्हणजे हा काळ घालवणे होय.

वर्षाचे मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षापर्यंत अर्थपूर्ण शब्द नसेल, दोन वर्षांचे होऊनही 'आई ये', 'दूध दे' असे शब्द जोडत नसेल, किंवा येत असलेले शब्द बोलेनासे झाले असेल, तर वाट पाहू नका. "जीभ जड आहे" हे कारण बहुधा खोटे असते. जिभेखालच्या पडद्यामुळे एखाद्या वेळी उच्चार बिघडतील, पण बोलणेच थांबत नाही. कान चांगले निघाले तर बालरोगतज्ज्ञ बौद्धिक वाढ, स्वमग्नता यांची तपासणी करतील. जेवताना हातात मोबाइल देण्याची सवय तेवढी आजच मोडा. दोन वर्षांखालील मुलाला त्यातून भाषा मिळत नाही, समोरच्या माणसाच्या बोलण्यातून मिळते.

खर्चाची धास्ती बाळगू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची मोफत तपासणी होते व पुढील उपचारांसाठी जिल्हा रुग्णालयाकडे चिठ्ठी मिळते. अंगणवाडीताईंना विचारा. मधल्या काळात मुलाच्या कानात कोमट तेल, लसणाचा रस असे काहीही घालू नका.