ट्रॅकवरच्या उन्हाशी कसं जुळवून घ्याल?

प्रश्न : मे महिन्यात कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर गाडी चालवायला जाणार आहे. हेल्मेट, जाड सूट आणि एसी बंद! उन्हाचा त्रास कसा टाळू?
— एक वाचक, सावेडी

उत्तर : तयारी आतापासूनच करा. जाण्याआधी दहा-बारा दिवस रोज थोडा वेळ उन्हात चाला. शरीराला लवकर घाम येऊ लागतो. आदल्या दिवसापासून पाणी पीत राहा. ट्रॅकवर सोबत ओआरएस ठेवा. सूटखाली पॉलिस्टरचा बनियन नको, आगीत तो वितळून कातडीला चिकटतो.

फेऱ्या संपल्या की आधी हेल्मेट-हातमोजे काढा, सावलीत बसा आणि कोपरापर्यंत हात गार पाण्यात बुडवा. मानेवर ओला पंचा ठेवा. शेवटची फेरी सावकाश मारा, इंजिन आणि ब्रेकही निवतील.

2023च्या फॉर्म्युला वन कतार ग्रांप्रीत चालक लोगन सार्जंटला उष्म्यामुळे शर्यत सोडावी लागली होती. म्हणून चक्कर, मळमळ किंवा अंगावर काटा आला, ब्रेक मारायची जागा चुकू लागली, तर फेरी पुरी करायच्या भरीस पडू नका. वेग कमी करून थेट पिटमध्ये या. शुद्ध हरपत असेल किंवा बोलणं असंबद्ध होत असेल, तर अंगावर गार पाणी ओतत लगेच डॉक्टरांना बोलवायला सांगा. ही सूचना सोबत्याला आधीच देऊन ठेवा.