पुराव्याचा आग्रह

डॉ. फ्रान्सिस केल्सी यांचा जन्म १९१४ साली कॅनडात झाला. औषधिशास्त्र व वैद्यक या दोन्ही विद्या त्यांनी संपादन केल्या होत्या. १९६० च्या ऑगस्ट महिन्यात त्या अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या. नवे औषध बाजारात येण्यापूर्वी त्याची कागदपत्रे तपासणे हे त्यांचे काम होते.

पुढच्याच महिन्यात थॅलिडोमाइड नावाच्या औषधाचा अर्ज त्यांच्यापुढे आला. या औषधाने शांत झोप लागते व गरोदर स्त्रियांची मळमळ थांबते, अशी त्याची ख्याती होती. पश्चिम जर्मनीत ते १९५७ पासून विकले जात होते. ६० दिवसांत हरकत न घेतल्यास विक्रीस आपोआप परवानगी मिळे, असा तेव्हाचा नियम होता.

केल्सीबाईंनी कागदपत्रे बारकाईने वाचली. त्यांत प्रशंसा पुष्कळ होती. प्रयोगांचा आधार मात्र तोकडा होता. त्यांनी अधिक माहिती मागितली. पुढे एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातील पत्र त्यांच्या वाचनात आले. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या काही रोग्यांच्या हातापायांना मुंग्या व बधिरता येते, असे त्यात लिहिले होते. जे औषध प्रौढांच्या मज्जातंतूंना इजा करते, ते पोटातील गर्भाला निर्धोक कशावरून, असा प्रश्न बाईंनी उपस्थित केला. कंपनीने तगादा लावला, वरिष्ठांकडे तक्रारी केल्या. परंतु त्या डगमगल्या नाहीत. औषध गर्भाला घातक आहे, असे त्या म्हणत नव्हत्या. तसा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता. ते निर्धोक असल्याचे सिद्ध झालेले नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

१९६१ च्या नोव्हेंबरात भीषण सत्य उघडकीस आले. गरोदरपणी हे औषध घेतलेल्या अनेक मातांची मुले अपुऱ्या हातापायांची जन्मली होती. जगभर सुमारे १०,००० बालकांना ही झळ पोहोचली. त्यांतील कित्येक दगावली. अमेरिकेत चाचणीसाठी काही डॉक्टरांमार्फत गोळ्या वाटल्या गेल्या होत्या, त्यामुळे तेथेही मोजकी बालके बाधित झाली. परंतु मोठा अनर्थ टळला. १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी केल्सीबाईंचा सुवर्णपदक देऊन गौरव केला. त्याच वर्षी अमेरिकेतील औषधविषयक कायदाही अधिक कडक झाला.

एखादी गोष्ट पुष्कळांनी मानली, म्हणून ती खरी ठरत नाही. ती पारखून घेणे हे शास्त्रज्ञाचे काम. आणि ज्यांना स्वतः पारख करता येत नाही, त्यांच्या वतीने ते निष्ठेने करणे हे त्याचे कर्तव्य होय.