तारीख डॉक्टरांच्याही हातात नसते

टेस्ट ट्यूब बेबीला खर्च किती येतो, हे सगळेच विचारतात. रजा किती लागते, हे कुणी विचारत नाही. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवते, राहते सोनाळ्यात आणि माझी ट्रीटमेंट होती अकोल्याला. त्यातच 2022च्या ऑक्टोबरात अकोट-अकोला रस्त्यावरचा, गांधीग्रामचा पूर्णेवरचा जुना पूल बंद झाला. नोव्हेंबरात अकोट-अकोला रेल्वे सुरू झाली म्हणून निभावलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट तेव्हा नव्हतं, ते पुढच्या मार्चमध्ये आलं.

सुरुवातीला दवाखान्यात सांगितलं होतं, “चार-पाच वेळा यावं लागेल.” ते खरंच होतं, पण त्या चार-पाच वेळा कधी, हे कुणालाच सांगता येत नाही. पाळीच्या दुसऱ्या दिवशी पहिली सोनोग्राफी. पाळी काही रविवार बघून येत नाही. मग साधारण नऊ ते बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन, आणि मधून मधून बीजकोश किती वाढले ते बघायला पुन्हा सोनोग्राफी. ते 17-18 मिलिमीटरचे झाले की त्याच रात्री ट्रिगरचं इंजेक्शन, आणि त्यानंतर 34 ते 36 तासांनी स्त्रीबीजं काढायची. तिथे उशीर चालत नाही; बीजकोश फुटले की हाती काही लागत नाही.

इंजेक्शनं मी घरीच घ्यायला शिकले. ती फ्रीजमध्ये ठेवायची, आणि आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. अकोल्याहून आणताना स्टीलच्या डब्यात बर्फाची पिशवी, तिच्यावर नॅपकिनची घडी आणि त्यावर इंजेक्शन. थेट बर्फाला टेकलं तर औषध गोठून वाया जातं. स्टँडवर एक आजी दर वेळी विचारायची, “काय वं पोरी, दर दोन रोजाले अकोल्याले कायले जातं?” मी म्हणायची, दाताचं काम चालू आहे. इतके दात कुणाला असतात!

डिसेंबरात सगळं जुळत आलं होतं. 18 तारखेला ग्रामपंचायतींचं मतदान आणि माझी ड्यूटी लागलेली. सोनोग्राफी बघून डॉक्टर म्हणाले, शुक्रवारी रात्री ट्रिगर, रविवारी सकाळी या. रविवार म्हणजे मतदानाचाच दिवस. ड्यूटीतून सूट मिळावी म्हणून अर्ज केला, दवाखान्याचा दाखला जोडला. दाखल्यावर एवढंच होतं: ‘विश्रांतीची गरज आहे.’ ना तारीख, ना भूल द्यायची आहे याचा उल्लेख. अर्ज परत आला. नवा दाखला मागितला, तर सही करणारे डॉक्टर बाहेरगावी. उपचाराची ती सायकल सोडावी लागली. इतक्या दिवसांची इंजेक्शनं अक्षरशः पाण्यात.

म्हणून पहिल्याच दिवशी दवाखान्यातून लेखी घ्या: उपचार सुरू आहेत, अमुक ते अमुक तारखांच्या दरम्यान कधीही बोलावलं जाईल, एक दिवस भूल देऊन प्रक्रिया आहे. वंध्यत्व हा शब्द नको असेल तर ‘स्त्रीरोगविषयक उपचार’ लिहा म्हणावं, तेवढं पुरतं. हे पत्र एकाच माणसाकडे द्यायचं, सगळ्या स्टाफरूमला नाही. मी पुढच्या सायकलच्या वेळी मुख्याध्यापकांना सांगितलं: सर, तारीख मलाही माहीत नाही, आदल्या संध्याकाळी फोन येईल. ते एवढंच म्हणाले, “बाई, वर्ग मी बघतो.”

सरकारी नोकरीत किरकोळ रजा या कामी उडवू नका. वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय दाखल्यावर ती परावर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, खात्यातून दुप्पट दिवस जातात इतकंच. खासगी नोकरीतल्या बायकांचं अवघड आहे. प्रसूती लाभाच्या कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवडे रजा आहे, पण मूल व्हावं म्हणून चाललेल्या उपचारांना काहीच नाही. मला हे विचित्र वाटतं.

डॉक्टरांना आणखी एक विचारा: मधली एखादी सोनोग्राफी अकोटला करून रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवला तर चालेल का? काही जण हो म्हणतात. आणि गर्भ गोठवून ठेवता येतात. बीजं काढायची तारीख हलत नाही, पण गोठवलेला गर्भ गर्भाशयात सोडायची तारीख गोळ्यांच्या आधाराने बऱ्यापैकी ठरवता येते. आम्ही ती मे महिन्यात धरली. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीला उघडतात, त्याचा कधी नव्हे तो उपयोग झाला. मात्र पस्तिशी उलटली असेल तर सुट्ट्यांची वाट बघत बसू नका.

पुढे काय झालं, हे विचारतातच. ते मी सांगत नाही. माझ्या निकालावरून तुमच्या रजेचा हिशोब बदलत नाही.

नवऱ्याची तपासणी आधी करून घ्या. ती स्वस्त आहे आणि तिला एकच दिवस लागतो. आमच्याकडे कापूस वेचणीचं कारण सांगून ती दिवाळीपर्यंत लांबली. बीजं काढायच्या दिवशीही ते सोबत हवेत. भूल उतरली तरी त्या दिवशी एकटीने एसटीने परतायचं नाही. आणि नंतर पोट फुगलं, धाप लागली, लघवी कमी झाली, तर सकाळ व्हायची वाट न बघता दवाखान्याला फोन करायचा.